मॅडिसनची वही : अस्सल की बखर?

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नव्याने सांगायला नको. १८९८ साली राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरकारांची जी झाडाझडती घेतली, तिचा संस्कार आपल्या इतिहासवाचनावर अजून आहे. प्रसंग घडत असताना, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेले पत्र वेगळे. निकाल लागून गेल्यावर, धन्याची किंवा स्वतःची बाजू सांभाळत लिहिलेली हकिगत वेगळी. हीच कसोटी एका परक्या कागदाला लावून पाहावी, असे गेली काही वर्षे मनात होते. तो कागद म्हणजे जेम्स मॅडिसनची वही. अमेरिकेची राज्यघटना कशी तयार झाली याविषयी जगाला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग या एका वहीतून आलेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेल्या तेरा राज्यांचा संघ नावापुरताच होता. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, जुने कर्ज फेडता येत नव्हते. तेव्हा जुना करार दुरुस्त करण्याच्या नावाखाली १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्टेट हाऊसमध्ये परिषद बोलावण्यात आली. ठरलेली तारीख १४ मे. पण पुरेसे सभासद जमायला २५ मे उजाडला. एकंदर ५५ जण कधी ना कधी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या, तेव्हा दुरुस्ती बाजूला राहून एक सर्वस्वी नवी घटना तयार झालेली होती.

२९ मे रोजी परिषदेने गुप्ततेचा नियम केला. आत बोललेले बाहेर छापायचे नाही, सांगायचे नाही. दारावर पहारेकरी होते. विल्यम जॅक्सन नावाचा अधिकृत चिटणीस होता, पण त्याने ठराव आणि मते यांच्यापलीकडे फारसे काही टिपले नाही. भाषणे तर नाहीतच. त्याचे दप्तर १८१९ मध्ये छापले गेले तेव्हा ते जुळवताना संपादकाच्या नाकी नऊ आले होते. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट येट्सची टिपणे १८२१ मध्ये निघाली, पण येट्स जुलैच्या दहा तारखेलाच रागाने घरी निघून गेला होता. रुफस किंग, मॅकहेन्री, पॅटर्सन, पिअर्स यांच्याही चिठ्ठ्याचपाट्या आहेत, पण तुटक. सलग पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जाणारी नोंद एकच, मॅडिसनची.

मॅडिसन तेव्हा छत्तीस वर्षांचा. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, तयारी मात्र सर्वांत जास्त. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो सांगतो, की अध्यक्षांच्या समोरची जागा आपण मुद्दाम धरली, ऐकलेले संक्षिप्त खुणांनी टिपले, आणि बैठक उठल्यावर ते सविस्तर उतरवले. एकही दिवस चुकवला नाही. ही वही त्याने हयातीत छापू दिली नाही. १८३६ मध्ये तो वारला. परिषदेला बसलेल्यांपैकी तो शेवटचा. १८३७ मध्ये काँग्रेसने त्याची कागदपत्रे त्याच्या पत्नीकडून, डॉली मॅडिसनकडून, ३०,००० डॉलरला विकत घेतली आणि १८४० मध्ये वही छापून निघाली. म्हणजे घटना अमलात येऊन अर्धे शतक उलटल्यावर लोकांना ती कशी घडली हे वाचायला मिळाले.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. वही प्रत्यक्षदर्शीची, रोजच्या रोज लिहिलेली, म्हणजे अस्सल. मॅक्स फॅरँडने १९११ मध्ये परिषदेची सारी साधने तीन खंडांत संपादित केली, तेव्हा मॅडिसनने नंतर केलेल्या दुरुस्त्या त्याने खुणा घालून वेगळ्या दाखवल्या होत्या. पण त्या म्हाताऱ्या माणसाने स्मरणासाठी केलेल्या किरकोळ डागडुजीसारख्या मानल्या गेल्या. १९५३ मध्ये विल्यम क्रॉस्की या कायदेपंडिताने मॅडिसनने बनवाबनवी केली असा थेट आरोप केला. आरोप इतका टोकाचा होता की त्याच्या धक्क्याने उलट वहीचीच पत वाढली.

खरे काम केले ते मेरी सारा बिल्डर यांनी. त्यांचे ‘मॅडिसन्स हँड’ हे पुस्तक २०१५ साली निघाले आणि पुढल्या वर्षी त्याला बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. या पुस्तकाचे मला कौतुक वाटते ते त्याच्या निष्कर्षांपेक्षा त्याच्या रीतीसाठी. बिल्डर मॅडिसनच्या स्वभावाची चर्चा करत बसत नाहीत. त्या कागद पाहतात. जलचिन्ह कोणते, ताव दुमडला कसा, शिवणीची भोके जुळतात का, शाई कुठे बदलली, कोणते पान काढून त्या जागी दुसरे घातले. आपल्याकडे मोडी दप्तरात बसून कागदाचा पोत आणि वळण पाहून काळ ठरवणाऱ्या माणसांना ही रीत ओळखीची वाटेल. जेफर्सनच्या जावयाने, जॉन एप्सने, १७९० च्या दशकात या वहीची एक नक्कल केली होती. ती नक्कल आणि आजची वही शेजारी ठेवली की मधल्या काळात काय बदलले ते उघडे पडते.

आणि बरेच बदललेले आहे. जॅक्सनच्या दप्तराची नक्कल हाती आल्यावर मॅडिसनने ठराव आणि मतांचे आकडे त्यावरून दुरुस्त केले. आपल्या भाषणांची काही पाने काढून त्यांच्या जागी नवी लिहिली. १७९० नंतर हॅमिल्टनशी त्याचे पटेनासे झाले आणि तो जेफर्सनच्या पक्षात गेला. त्या नव्या राजकारणात अडचणीची ठरतील अशी आपलीच मते त्याने मवाळ केली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचा भाग त्याने त्या उन्हाळ्यात सविस्तर लिहिलाच नव्हता, असे बिल्डर यांना कागदावरून दिसते. त्या काळात तो एकामागून एका समितीवर होता. तो भाग दोन वर्षांनी, १७८९ च्या शरद ऋतूनंतर, कच्च्या टिपणांवरून आणि दप्तरावरून रचला गेला.

म्हणजे एकाच शिवणीत दोन ग्रंथ आहेत. पहिले तीन महिने बऱ्याच अंशी अस्सल, मधून मधून ठिगळे लावलेले. शेवटचे चार आठवडे मात्र बखरीच्या जवळचे. बिल्डर यांचे हे म्हणणे मला पटते. पण त्या पुस्तकावर जी चर्चा झाली, ती बहुतेक ‘घटनाकारांचा मूळ हेतू’ शोधणाऱ्या न्यायाधीशांच्या अंगाने झाली. मला त्याहून जवळचा वाटतो तो एक प्रश्न, ज्याचा पुरावा नेमका या दोन भागांच्या सीमेवर पडतो. तो गुलामगिरीचा प्रश्न.

अमेरिकेच्या मूळ घटनेत ‘गुलाम’ किंवा ‘गुलामगिरी’ हा शब्द एकदाही येत नाही. गुलाम मात्र येतात, तीन ठिकाणी ठळकपणे. लोकसंख्येवरून प्रतिनिधी ठरवताना स्वतंत्र माणसे पूर्ण मोजायची आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन पंचमांश धरायचे. ‘ज्या व्यक्तींना आत घेणे राज्यांना योग्य वाटेल’ त्यांची आयात १८०८ पर्यंत काँग्रेसने बंद करायची नाही. फार तर माणशी दहा डॉलर जकात. आणि एका राज्यात ‘सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळून गेली तर ती परत द्यायची. सगळीकडे व्यक्ती, व्यक्ती, व्यक्ती. कायद्याच्या भाषेत इतका सौजन्यशील शब्द इतक्या क्रूर कामाला क्वचितच जुंपला गेला असेल.

शब्द सुचला नाही असे म्हणायला जागा नाही. तीन पंचमांशांची तडजोड फिलाडेल्फियात १२ जुलैला मान्य झाली. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जुन्या काँग्रेसने वायव्य प्रदेशाचा कायदा मंजूर केला आणि त्यात ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई केली. तिथे शब्द सरळ, ठळक लिहिलेला आहे. मनाई करताना शब्द चालला, सांभाळ करताना चालला नाही.

मग का टाळला? मॅडिसनच्या वहीत २५ ऑगस्टच्या नोंदीखाली उत्तर आहे. त्या दिवशी आयातीची मुदत १८०० वरून १८०८ वर नेण्याची सूचना दक्षिण कॅरोलायनाच्या पिंकनीने आणली. वीस वर्षांत व्हायचा तो सगळा अनर्थ होऊन जाईल, असे म्हणून मॅडिसनने विरोध केला. सूचना सात विरुद्ध चार मतांनी संमत झाली. नंतर जकातीच्या कलमावर बोलताना तो म्हणाला, की माणसांत मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत मान्य करणे चुकीचे होईल. हे वाक्य अमेरिकन इतिहासलेखनात फार मोठे झाले आहे. शॉन विलेंट्झ यांच्या २०१८ च्या ‘नो प्रॉपर्टी इन मॅन’ या ग्रंथाचे शीर्षकच त्यातून आले. विलेंट्झ यांचे म्हणणे असे, की घटनाकारांनी गुलामगिरीला सवलती दिल्या, पण माणूस ही मालमत्ता आहे हे तत्त्व राष्ट्रीय कायद्यात शिरू दिले नाही, आणि त्या मोकळ्या ठेवलेल्या जागेतूनच पुढची चळवळ आत आली.

वाक्य सुंदर आहे. अडचण एवढीच की ते पंचवीस ऑगस्टचे आहे, म्हणजे सीमेच्या पलीकडचे. जकातीच्या कलमावरची चर्चा आणि मते दप्तरावरून ताडून पाहता येतात. हे वाक्य मात्र मॅडिसनच्या वहीशिवाय कुठेच नाही, आणि ते स्वतःविषयी आहे, आणि बहुधा दोन वर्षांनंतर लिहिलेले आहे. राजवाड्यांच्या पंगतीत असे वाक्य कुठे बसवले गेले असते ते सांगायला नको. मॅडिसन तसे बोललाच नसेल असे मी म्हणत नाही. १७८३ मध्ये त्याने आपल्या वडिलांना लिहिलेले एक पत्र आहे. फिलाडेल्फियात बरोबर आणलेला बिली नावाचा गुलाम आता व्हर्जिनियात परत नेण्याजोगा राहिला नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी आपण इतके रक्त सांडले त्याची त्यानेही इच्छा केली म्हणून त्याला शिक्षा कशी करायची, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. तेव्हा विचार त्याच्या डोक्यात होता. आणि त्याने बिलीला मुक्तही केले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात बसेल अशा मुदतीवर विकले. एका पत्रात दोन्ही गोष्टी मावतात.

याउलट, त्याच काळातले, निकाल माहीत होण्याआधीचे जे कागद आहेत, ते काय सांगतात? जॉन डिकिन्सन हा डेलावेअरचा प्रतिनिधी. त्याच्या जुलैमधल्या भाषणाच्या टिपणात त्याने लिहून ठेवले, की शब्द गाळला तर ज्या तत्त्वाची आपल्याला लाज वाटते ते झाकण्याचा हा प्रयत्न आहे असेच लोक म्हणतील. हे टिपण १९८७ पर्यंत फॅरँडच्या संग्रहात नव्हते. ९ जुलैला पॅटर्सननेही, जुन्या काँग्रेसला ‘गुलाम’ हा शब्द वापरायची लाज वाटली म्हणून तिने त्याजागी वर्णन घातले होते, याची आठवण करून दिली. ही नोंद मॅडिसनच्या वहीतलीच, पण अस्सल भागातली. आणि मेरीलँडचा ल्यूथर मार्टिन, ४ सप्टेंबरला परिषद सोडून गेलेला, अघळपघळ बोलणारा, सर्वांचा नावडता. त्याने काही महिन्यांतच छापून सांगितले, की अमेरिकनांच्या कानाला घाण वाटतील असे शब्द टाळण्याची या मंडळींना फार काळजी होती. त्या शब्दांनी दाखवल्या जाणाऱ्या गोष्टी घ्यायला मात्र ती तयार होती.

तिघांचे साक्षीपुरावे एका दिशेला जातात. शब्द टाळला तो तत्त्वापेक्षा लाजेने. विलेंट्झ यांनी उभारलेली इमारत मला म्हणूनच थोडी कलती वाटते. तिचा मुख्य खांब बखरीच्या बाजूला आहे.

पण याच बखरीच्या भागात दोन अशा नोंदी आहेत की ज्यांच्यापुढे मला थांबावे लागले. भाषाशैली समितीने १२ सप्टेंबरला घटनेचा पक्का मसुदा छापून सभासदांना वाटला. (मसुद्याची भाषा बहुतांशी गव्हर्नर मॉरिसची. गव्हर्नर हे त्याचे पाळण्यातले नाव, हुद्दा नव्हे. एक पाय लाकडाचा असलेला हा गृहस्थ परिषदेत सर्वाधिक वेळा बोलला. ८ ऑगस्टला त्याने विचारले होते, की गुलाम माणसे असतील तर त्यांना नागरिक करा आणि मत द्या. मालमत्ता असतील तर मग दुसरी कुठली मालमत्ता का मोजत नाही?) १३ सप्टेंबरला करारावर बांधलेल्या गोऱ्या नोकरांविषयीच्या तरतुदीत ‘दास्य’ या अर्थाचा शब्द काढून ‘सेवा’ या अर्थाचा घातला गेला, कारण, मॅडिसन लिहितो, पहिला गुलामांची अवस्था दाखवतो आणि दुसरा स्वतंत्र माणसाचे बंधन. मग १५ सप्टेंबर. शनिवार, शेवटचा कामाचा दिवस, सगळे घरी जायला उतावीळ. पळून गेलेल्यांच्या कलमात ‘कायदेशीरपणे सेवेला बांधलेली व्यक्ती’ असे छापले होते. त्यातला ‘कायदेशीरपणे’ हा शब्द काढून ‘त्या राज्याच्या कायद्यान्वये’ असे घातले. कारण काहींना वाटले, की ‘कायदेशीर’ म्हटल्याने गुलामगिरी नीतीच्या दृष्टीनेही रास्त आहे असा भास होईल.

या दोन बदलांसाठी वहीवर विश्वास ठेवण्याची गरजच नाही. १२ सप्टेंबरचा छापील कागद आणि १७ तारखेचा सह्या झालेला चर्मपट शेजारी ठेवले की दोन्ही शब्द बदललेले दिसतात. बदल पक्का, कारण तेवढे मॅडिसनच्या तोंडचे. आणि हा बदल नुसत्या लाजेने स्पष्ट होत नाही. लाज झाकायला ‘व्यक्ती’ हा शब्द पुरेसा होता. ‘कायदेशीरपणे’ काढल्याने गुलामगिरी राष्ट्राच्या कायद्याची न राहता एकेका राज्याच्या कायद्याची झाली, आणि १८५० च्या दशकात गुलामगिरीविरोधी वकिलांनी ही एवढीशी फट पुरेपूर वापरली. तेव्हा खोलीतल्या काही जणांना तरी शब्दांचे वजन कळत होते, इतके विलेंट्झ यांना द्यावेच लागते. ते कोण होते, हे वही सांगत नाही. तिथे फक्त ‘काही’ असे आहे.

वही छापून निघाल्यावर तिचा पहिला मोठा उपयोग वकिलांनी नव्हे, गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी केला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८४४ मध्ये वेंडेल फिलिप्सने मॅडिसनच्या छापील कागदांतले उतारे काढून, ही घटना म्हणजे गुलामगिरीच्या बाजूचा करार आहे, असे दाखवणारे पुस्तक काढले. त्याचा सहकारी गॅरिसन याने १८५४ च्या ४ जुलैला घटनेची प्रतच जाहीर सभेत जाळली. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळालेला, आधी या मताचा होता. मग त्याचे मत बदलले. १८६० च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या भाषणात त्याने वाद वेगळ्याच जागी नेला. दारे बंद करून कोण काय बोलले याच्याशी लोकांचे काय देणेघेणे? लोकांनी मान्य केला तो कागद. त्या कागदात ‘गुलाम’ शब्द नाही. मग तो कागद स्वातंत्र्याच्या बाजूने का वाचू नये? ज्यांनी लाजेने शब्द झाकला, त्यांच्या लाजेचा हिशेब डग्लसने त्यांच्याच नावावर मांडला. वहीच्या विश्वासार्हतेविषयी आजवर झालेल्या साऱ्या वादात मला ही भूमिका सर्वांत धारदार वाटते, कारण ती वही बाजूलाच ठेवते.

१८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत आला. रद्द होण्यासाठीच आला. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्याहून आपला ग्रंथ काढला, त्याला तेच नाव दिले, आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना तो अर्पण केला. अर्पण घटनाकारांना नव्हे, तर ज्यांनी त्यांचे काम उलटवले त्यांना आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या संविधान सभेशी तुलना डॉ. आंबेडकरांनीच केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितले, की अमेरिकेच्या परिषदेने चार महिन्यांत काम उरकले, पण त्यांची कलमे सात आणि आपली ३९५; शिवाय आपल्याकडे २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मला त्यात आणखी एक फरक दिसतो. आपली सभा उघड बसली आणि लघुलेखकांनी शब्द न् शब्द उतरवला. अस्पृश्यतेचे कलम २९ नोव्हेंबर १९४८ ला आले तेव्हा शब्द झाकायचा की नाही हा वादच नव्हता. शब्दाची व्याख्या कुठे आहे, असे नझिरुद्दीन अहमद आणि के. टी. शाह विचारत होते. ते आज आपण कोणाच्या वहीवर विसंबून न राहता वाचू शकतो. अर्थात फुशारकी मारायला नको. आपल्याकडेही मसुदा समितीच्या खोलीत लघुलेखक नव्हता. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ ही अमेरिकन शब्दयोजना गळली, त्यामागे बी. एन. राव यांची अमेरिकेतली न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी झालेली भेट होती. ती आपल्याला ठाऊक आहे ती राव यांच्या स्वतःच्या अहवालावरून. तिथे आपणही एका माणसाच्या कागदावरच उभे आहोत.

मॅडिसनच्या घरात आणखी एक लेखक होता. पॉल जेनिंग्ज त्याचे नाव; माँटपेलियरच्या मळ्यावर जन्मलेला गुलाम, मॅडिसनचा खासगी नोकर. मॅडिसनने मृत्युपत्रात कोणालाही मुक्त केले नाही. वहीसह कागदपत्रे ३०,००० डॉलरला विकल्यानंतरही डॉलीबाईंची ओढाताण संपली नाही, आणि १८४६ मध्ये त्यांनी जेनिंग्जला २०० डॉलरला विकले. पुढल्या वर्षी सिनेटर डॅनिएल वेब्स्टरने १२० डॉलर भरून त्याची सुटका केली; ते पैसे जेनिंग्जने महिना आठ डॉलरप्रमाणे नोकरी करून फेडायचे, असे ठरले. १८६५ साली, तेरावी दुरुस्ती झाली त्याच वर्षी, त्याच्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक निघाले. मॅडिसनच्या मरणाच्या सकाळी तो खोलीत होता. ते वर्णन त्यात आहे. आणि हेही आहे, की पुढे डॉलीबाई वॉशिंग्टनमध्ये अन्नाला महाग झाल्या, तेव्हा तो वेब्स्टरच्या घरून भाजीपाल्याची टोपली घेऊन त्यांच्याकडे जात असे आणि कधी कधी आपल्या खिशातले थोडे पैसेही त्यांना देत असे.